भागूबाईचं लाल बटण

भागूबाईला मी आधी मोबाईलमध्ये ऐकलं आणि नंतर प्रत्यक्ष पाहिलं. ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून आहे. मागच्या हंगामात कुणीतरी ऑफिसात एक अ‍ॅप आणलं. पडद्यावर एक मोठं लाल बटण, ते दाबलं की एक बाई कडाडायची, "थांब म्हन्ले ना!" साहेब बोलत सुटले की दाब, चहावाला निघाला की दाब. वरातीत डीजेवाल्यांनीसुद्धा ते वाजवलं. कुणाला थांबवायला स्वतःचं तोंड वापरायची आमच्या भागात गरजच उरली नव्हती.

ती बाई म्हणजे पाथर्डीकडची भागूबाई. वय पन्नाशीचं, अंगकाठी चिपाडासारखी. दर वर्षी टोळीबरोबर ऊस तोडायला आमच्याकडे येते. उसाच्या फडात सावली नसते, म्हणून तोडणीच्या बायका लेकराची झोळी उभ्या ट्रॉलीखाली बांधतात. एकदा शेजारणीचं तान्हं असंच झोळीत झोपलेलं असताना ड्रायव्हर वैजनाथने न बघता ट्रॅक्टर सुरू केला. भागूबाई ओरडली, तो थांबला, लेकरू वाचलं. वैजनाथचा एक दोस्त नेमका तेव्हा रील काढत होता. त्याने ओरडण्याचा तुकडा तेवढा ठेवला, पुढचं कापलं आणि खाली ढोलकी जोडून सोडून दिलं. ते गाजलं आणि नगरच्या एका पोराने त्याचं बटण केलं.

भागूबाईने ते फार मनावर घेतलं नव्हतं. बाजारात पोरं तिच्या मागे बटण दाबायची, ती त्यांना एक ठेवणीतली शिवी द्यायची आणि भाजी निवडायला लागायची.

या हंगामात झोळीत तिची स्वतःची नात होती, दीड वर्षाची ज्ञानेश्वरी. कुणी म्हणेल, एकदा एवढं होऊनही झोळी तिथंच का? दुपारी बारा वाजता फडात उभं राहून बघावं, मग विचारावं. सून जया मोळ्या बांधत होती. वैजनाथने ट्रॅक्टर सुरू केला. भागूबाई ओरडली, तेच शब्द, तेवढ्याच जोरात. वैजनाथ हसला आणि त्याने गिअर टाकला. सकाळपासून तो आवाज त्याने टोळीतल्या मोबाईलांवर दहा वेळा ऐकला होता.

झोळी हेलकावली, पोर ढेकळांत पडली आणि मागचं चाक वीतभर अंतरावरून गेलं. हाताचं हाड मोडलं, जीव राहिला. वैजनाथ खाली उतरून डोकं धरून बसला. "मला वाटलं, मोबाईलच हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

काट्यावर ही बातमी आली, तेव्हा मी अ‍ॅप काढून टाकलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय. मला स्वतःची शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढचं मला जयाने सांगितलं. पोरीच्या हाताला प्लास्टर घातलं त्या दिवशी भागूबाई जेवली नाही. जयाला म्हणाली, "म्या वरडूनबी कुनी थांबनार नसंल, तर उद्या दुसऱ्याचं लेकरू कशानं वाचवायचं?" जया बारावी झालेली आहे. तिने अ‍ॅपमधून ते करणाऱ्याचं नाव आणि नंबर काढला. दोनच दिवसांत, मुकादमाची कुरकुर कानाआड करून, सासू-सून पोरीला घेऊन एसटीने नगरला गेल्या.

तो अनीश. सावेडीत तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहतो. पोरगा वाईट नाही. प्लास्टर बघून त्याचा चेहरा उतरला. अ‍ॅप आत्ता बंद करतो म्हणाला. पण चार जणांनी त्याची नक्कल कधीच केली होती, आणि लोकांच्या मोबाईलमधलं काही त्याला पुसता येणार नव्हतं, हेही त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं.

भागूबाई म्हणाली, "बंद करू नको. म्या जेवडं बोलले, तेवडं समदं टाक." आणि तिने रीलमधून कापलेलं वाक्य सांगितलं, "खाली लेकरू हाय." अनीश चाचरत म्हणाला की हे ऐकल्यावर कुणाला हसू येणार नाही, लोक अ‍ॅप काढून टाकतील.

"न्हाई आलं हसू तर नगं येऊ. खाली बघू दे." आणि हे झाल्याशिवाय आपण इथून उठणार नाही, हेही तिने सांगितलं. अनीशच्या आईने दिलेला चहा तिने तसाच ठेवला होता.

पंखा बंद करून रेकॉर्डिंग सुरू केलं, तर आवाजच येईना. फडात दोन एकरांपलीकडे पोचणारी बाई, खोलीत शाळेतल्या हजेरीसारखी बोलायला लागली. तीनदा केलं, तिन्ही वेळा फुसकं. तेवढ्यात ज्ञानेश्वरी एका हातावर सरकत पलंगाखाली गेली. भागूबाईला दिसलं ते प्लास्टर आणि वरचं लाकूड.

"थांब म्हन्ले ना! खाली लेकरू हाय!"

शेजारची दारं उघडली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी नुकतीच सुरू केलेली मोटारसायकल बंद केली. मग भागूबाईने गार झालेला चहा पिऊन टाकला.

अनीशने नवा आवाज टाकला आणि त्या चार नक्कलवाल्यांनाही पाठवला. दोघांनी घेतला. बऱ्याच लोकांनी मजा गेली म्हणून शिव्या दिल्या, पण आमच्या काट्यावरच्या ड्रायव्हरांनी तो मोबाईलमध्ये ठेवला.

फेब्रुवारीत मी फडावर गेलो. माफी मागायला चाललोय म्हणायची लाज वाटली, म्हणून पोरीसाठी बिस्किटं नेली. ट्रॉल्या भरून झाल्या होत्या. वैजनाथने मोबाईल काढून बटण दाबलं, दोन्ही ट्रॉल्यांखाली वाकून पाहिलं आणि वर चढून ट्रॅक्टर सुरू केला. तेवढ्यात मागून भागूबाई ओरडली, पुरं वाक्य. त्याने तिथल्या तिथे ट्रॅक्टर बंद केला आणि उडी मारून मागे धावला.

"कुटं हाय, मावशी?"

भागूबाई कोयत्याला धार लावत बसली होती. ज्ञानेश्वरी तिच्या पाठीला टेकून बसली होती.

"कुटंच न्हाई. थांबतोस का, ते बघत हुते."

वैजनाथने दोन्ही ट्रॉल्यांखाली पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि मगच वर चढला.