टेलरकाकांची पारख

देवानं माणूस घडवताना सगळं लक्ष हातांच्या लांबीकडे दिलं आणि बाकीचा देह उरलेल्या कापडात उरकला, असं ठाम मत असणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे : आमचे इथले, आखातातल्या जिदहफ्स गावचे टेलरकाका. मूळचे गुहागरकडचे. जन्मात कधी चेंडू हातात धरलेला नाही. पण इथल्या एका क्लबच्या जर्सी शिवता शिवता त्यांना बास्केटबॉलचं वेड लागलं, ते थेट अमेरिकेपर्यंत पोचलं. तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडतात. काका त्या पोरांचे व्हिडिओ मशीनला टेकवलेल्या मोबाइलवर बघतात आणि नुसत्या नजरेनं मापं घेऊन गिऱ्हाइकांच्या मापवहीत टिपून ठेवतात. सगळं जग एखाद्याच्या उड्यांवर फिदा असतं, तेव्हा काका दातानं दोरा तोडत म्हणतात, "उडतोय बरा, पण बाही आखूड. दोन वर्षांत खलास." आणि वैताग असा, की बहुधा तसंच होतं. एकदा मात्र त्यांनी ड्राफ्टच्या मंचावरच्या एका सुटातल्या गृहस्थाला पैकीच्या पैकी गुण दिले. तो निवेदक निघाला. "मग त्याचंच चुकलं, ताई," काका म्हणाले, "खेळायला हवं होतं त्यानं."

यंदा एका क्लबनं मुलींचा पगारी संघ काढायचं ठरवलं आणि माझ्या लेकीनं निवडचाचणीला नाव दिलं. बारावीनंतर तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. आदल्या दिवशी ती दुकानात हात पसरून उभी राहिली. काकांनी टेप लावली, काढली आणि पुन्हा लावली.

"नजर झकास आहे बाय तुझी. पासही छान देतेस."

"जस्ट से इट, काका."

"हात आखूड. घेणार नाहीत."

मला असा संताप आला! पोरीला खोटे का होईना, दोन बरे शब्द बोलले असते, तर काय बिघडलं असतं? ती तरीही गेली. आणि ऐन ईदच्या गर्दीत दुकान बंद करून काका चाचणीला माझ्याशेजारी येऊन बसले. ती जीव तोडून खेळली. मग प्रशिक्षकांनी नावं वाचली. तिचं नव्हतं.

आता भांडायचंच, म्हणून मी वळले. काका मान खाली घालून बसले होते.

"काल गावच्या देवाला नारळ बोललेलो, ताई," ते म्हणाले, "एवढं एकदा माझं माप चुकू दे म्हणून."