मोराची मशीन

आमच्या बाईंचं मत नाही, अशी वस्तू आदिलाबादच्या बाजारात नव्हती. मिक्सर, कुकर, पंखा, इतकंच काय, मुलीला सांगून आलेलं स्थळसुद्धा लोक आधी बाईंच्या कानावर घालत. बाई चष्मा कपाळावर चढवत आणि निकाल देत. "घ्या" किंवा "नोको". तिसरा शब्द नसे. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला होता. त्यांचं उत्तर चुकेल असं कुणाला वाटायचंच नाही. त्यांनाही नाही.

नव्वदच्या सुमारास त्यांनी शाळा सोडली आणि घराच्या पुढच्या खोल्यांत कॉम्प्युटरचा क्लास काढला. मी त्यांचाच जुना विद्यार्थी. पदवी घेऊन घरी बसलो होतो, तर "रिकामा काऊन बसून राह्यला? ये शिकवाले," म्हणून त्यांनी मला ओढून नेलं. त्यांच्या मशीन हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीच्या होत्या. सकाळी आंघोळ झाली की बाई जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यानं एकेक पडदा पुसत. "मशीन अन् माणूस, दोघाईले तापू देऊ नोको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र लगेच तापत.

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे तलमडुगुचा वसंता. घरी कापूस आणि ज्वारी, पण या पठ्ठ्याला औतापेक्षा रेडिओ खोलून पाहण्याचं वेड. त्यानं 'मयूर' नावाच्या नव्या कॉम्प्युटर कंपनीची एजन्सी घेतली. मशीनवर छोटा मोर काढलेला असे, म्हणून लोक तिला मोराची मशीन म्हणत. दुकान उघडण्याआधी तो एक पेटी घेऊन बाईंकडे आला.

"बाई, एकदा चालवून पाहा ना. तुमी हो म्हनलं की गाव हो म्हनते."

"उघडू नोको," बाई म्हणाल्या. "असल्या कंपन्या मी लय पाह्यल्या."

बाईंनी तोवर स्वतःच्या मशीनशिवाय दुसरी मशीन पाहिलेली नव्हती. मला ते ठाऊक होतं. वसंतानं पेटी तशीच उचलून परत नेली. जाताना पाडव्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण मात्र देऊन गेला.

पाडव्याला बाईंनी फीत कापली. भाषण करा म्हटल्यावर उभ्या राहिल्या. त्यांना माणसं हसवायला आवडायचं, आणि समोर माणसं भरपूर होती. म्हणाल्या, "मोर अंगणात नाचाले चांगला हो. पन औताले बैलच लागते!"

दुकान हसलं. रस्त्यावर उभे असलेलेही हसले. हातात पेढ्यांचं ताट धरलेला वसंताही हसला.

ते वाक्य मग गावभर झालं. कापसाच्या जिनिंगवर, शाळेत, तहसीलीत, जिथं मोराच्या मशीनचं नाव निघे तिथं कुणीतरी "औताले बैलच" म्हणे आणि विषय संपे. वसंताच्या दुकानानं दुसरी दिवाळी पाहिली नाही. तो बायकोला घेऊन नागपूरला गेला. बाई म्हणाल्या, "धंदा सगळ्यालेच जमत नाही," आणि पडदे पुसू लागल्या.

पुढं काही वर्षांनी बाईंच्या मशीन एकामागून एक बसल्या. दुरुस्तीला हैदराबादहून कुणी येईना. त्याच उन्हाळ्यात गुडीहत्नूरच्या एका शाळेनं बाईंना शिकवायला बोलावलं. खोलीत गेलो तर टेबलांवर ओळीनं मोर, वसंताच्या दुकानाच्या वेळचेच. मे महिन्याचं ऊन, वरती पत्रे, वीज सारखी येजा करणारी. तरी त्या मशीन मुकाट्यानं चालत होत्या. परतताना जीपमध्ये बाई मागं वळून शाळेकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एकदाई बंद नाही पडली रे. अन् मी पेटीसुदा उघडू नाही देल्ली."

क्लास चालवायचा तर मशीन हव्यात. एजन्सी आता निर्मल गावच्या एका व्यापाऱ्याकडे होती. आम्ही गेलो. तो बोलका माणूस. आदिलाबादहून आलो म्हटल्यावर हसत म्हणाला, "आपके गाँव में कोई टीचरम्मा थी ना? मोर-बैल का कुछ बोल दी, और बेचारे लड़के का दुकान बैठ गया!"

मी खाली पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"वो टीचरम्मा मैं ही हूँ," त्या म्हणाल्या. "पाँच मशीन चाहिए."

मशीन आल्या त्या दिवशी बाईंनी प्रत्येक मोरावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर स्वतःच नखानं ती खरवडत बसल्या होत्या. "मुलं पाहून राह्यली," एवढंच म्हणाल्या. पट्टी निघाली आणि त्यांनी मला नागपूरची गाडी विचारली.

वसंता एका दुसऱ्याच्या दुकानात मॉनिटर दुरुस्त करत होता. बाईंना पाहताच उठून पाया पडला, खुर्ची ओढली, चहा सांगितला. बाई बसल्या नाहीत.

"वसंता, मी मोराची मशीन घेतली. चांगली हाय. मी तवा न पाहता बोलली. माह्यामुळं तुह्यं..."

"नाही बाई," तो घाईनं म्हणाला. "तुमी खरंच बोलल्या होत्या. तवाची मशीन खराबच होती. आता कुठं सुधरली."

तो हसत होता. पाडव्याला हसला होता तसाच.

परतीच्या गाडीनं पैनगंगेचा पूल ओलांडला. बाई खिडकीकडे पाहतच म्हणाल्या, "लेकरू लबाड बोललं. ज्या मशीनसाठी घर सोडलं, तिलेच माह्यासाठी खराब म्हनलं त्यानं. शिवी देली असती तर मी घेतली असती रे."

त्यानंतर दर दिवाळीला बाई फराळाचा डबा घेऊन नागपूरला जात. वसंता डबा घेई, चहा पाजी, घरच्यांची विचारपूस करी. बाईंनी "वसंता, ते तवा मी..." म्हणून सुरुवात केली, की तो उठून उभा राही. "बाई, चला, गाडी चुकंल तुमची." आणि त्यांची पिशवी उचलून स्टँडपर्यंत सोबत येई. बाई वारल्या, तेव्हाही त्यांचं ते वाक्य अर्धंच राहिलं होतं.