हजेरीपटावरचा किसन

आमच्या घरी पोळ्याला किंवा कुणाच्या तेरवीला भावंडं जमली, की जेवणं आटोपल्यावर ओसरीवर किस्से सुरू होतात. ते साठतात कसे, कोण जाणे! घरात नऊ भावंडं म्हटल्यावर एकाने विसरलेलं दुसऱ्याला आठवतं, आणि दुसऱ्याने लपवलेलं तिसरा सांगून टाकतो. आता आम्ही चौघंच उरलोय, आणि त्यात किसनभाऊ नाही. तरी किस्से काही कमी झालेले नाहीत.

फरक एवढाच, की पूर्वी मी सगळ्यांच्या बरोबरीने हसायचो. आता शाळेचा विषय निघाला की मी पानाचा डबा शोधायला उठतो. कारण त्या सगळ्या किस्स्यांत चोर एकच आहे, आणि तो मी आहे. म्हटलं, आपणच सांगून टाकावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला नको.

*

आमचं गाव डोणगावपासून दोन कोसांवर. आम्ही सहा भाऊ, तीन बहिणी, बैलांच्या चार जोड्या आणि वर्षभर न संपणारं काम. गावात शाळा निघाली तेव्हा पुण्याकडचे एक मास्तर पोरं गोळा करत दारोदार फिरत होते. आमच्या बाला ते म्हणाले, तुम्हाला सहा मुलगे आहेत, निदान दोन तरी द्या. बाने एक कबूल केला. समोर किसनभाऊ उभा होता, म्हणून त्याचं नाव सांगितलं. हजेरीपटावर लिहिलं गेलं: किसन, वय आठ.

मास्तरांना वाटलं, मुलगा मिळाला. बाने दिलं होतं फक्त नाव! ज्याचा त्या दिवशी वावरात उपयोग नाही त्याने शाळेत जायचं, असा आमच्या घरचा कायदा ठरला. कुणाला ताप आलेला, कुणाचं बोट विळ्याने कापलेलं, कुणी नुसताच लहान. जो जाईल तो किसन. माझं खरं नाव तुळशीराम, पण पाटीवर मी पहिल्यांदा लिहायला शिकलो ते नाव किसन.

आठ दिवसांत मास्तरांनी बाला रस्त्यात गाठलं. कालचा किसन काळा होता, आजचा गोरा कसा, असं विचारलं.

"काल थो उनात होता, मास्तर," बा म्हणाला.

मास्तरांनाही पटावर डोकी हवीच होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

*

त्यामुळे आमच्या घरची विद्या हंगामाप्रमाणे पिकली. एका भावाला बेरीज झकास येते, वजाबाकी अजिबात नाही, कारण वजाबाकी निंदणाच्या दिवसांत शिकवली गेली आणि तेव्हा तो वावरात होता. दुसऱ्याला नकाशात सगळ्या नद्या सापडत. डोंगर मात्र एकही नाही. डोंगर कापूस वेचणीत होऊन गेले होते.

हे सगळे तुकडे जोडून घ्यायचा तो किसनभाऊ. तो अंगापिंडाने धडधाकट, म्हणून शाळेत जायची पाळी त्याच्यावर सगळ्यांत कमी येई. दिवेलागणीला बैलांना कडबा टाकून झाला की तो गोठ्याच्या ओट्यावर बसे, आणि त्या दिवशी जो किसन होऊन आला असेल त्याला समोर बसवून सगळं वदवून घेई. एखाद्याने शाळेत नुसत्याच डुलक्या काढल्या असतील तर त्याची काही धडगत नसे.

भाऊला मास्तर व्हायचं होतं. हे त्याने कधी लपवलं नाही. सातवीची परीक्षा पास झालं की मास्तरकी मिळते, असं कळल्यापासून तो नांगरामागे पाढे म्हणत चालायचा. माय म्हणायची, याच्या तासात बी पडत नाही, आकडे पडतात.

मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. जे काही शिकलो त्यातलं बरंचसं त्या ओट्यावर, त्याच्याकडूनच शिकलो. आणि मास्तर मलाही व्हायचं होतं. अडचण एवढीच, की भाऊ दोन होते आणि नाव एक होतं.

*

वच्छी आमची धाकटी बहीण. तिलाही भाऊने ओट्यावर वाचायला शिकवलं होतं. एकदा पावसाळ्यात पिकांत कोळपणीचे डवरे चालले होते आणि घरात एकही भाऊ मोकळा नव्हता. मला तर त्या दिवशी मुगावरची पाखरं हाकायला बसवलं होतं. तेव्हा भाऊने बाला न सांगता वच्छीच्या डोक्यावर टोपी चढवली, वेणी आत कोंबली आणि तिला शाळेत धाडलं. नेमके त्याच दिवशी डिप्टीसाहेब तपासणीला आले!

साहेबांनी पटावर बोट ठेवून किसनला धडा वाचायला सांगितला. वच्छीने तो असा खणखणीत वाचला, की साहेब खूश होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. टोपी त्यांच्या हातात आली आणि वेणी खाली लोंबली. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं. मास्तर घामाघूम झाले.

"साहेब, आज किसन मीच हाओ," वच्छी म्हणाली. "भाऊ डवऱ्यावर गेला हाये."

साहेब पोट धरून हसले. ही मुलगी रोज शाळेत आली पाहिजे, असं वडिलांना सांगा, म्हणून मास्तरांना बजावून गेले. मास्तर तो निरोप घेऊन संध्याकाळी आमच्याकडे येणार होते.

इथवर वच्छी सांगते आणि सगळे हसतात. पुढचं मी इथे सांगतो. शाळेत काय झालं ते मला पोरांकडून दुपारीच कळलं, आणि मी पाखरं तशीच सोडून पळत जाऊन बाला सांगितलं, की वच्छीने भर शाळेत वेणी सोडून घराची अब्रू घालवली. वच्छी रोज जायला लागली तर माझी पाळी येणार नाही, हे मला नीट कळत होतं. मास्तर येऊन पोचले तोवर बाने ती टोपी चुलीत घातली होती. वच्छी त्यानंतर शाळेत गेली नाही.

चुगली कुणी केली हे तिला ठाऊक आहे की नाही, ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

*

सातवीच्या परीक्षेचं केंद्र मेहकरला होतं. भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा, मी तेरा. ह्या खेपेला कायदाबियदा काही नाही, ज्याचं नाव आहे तोच जाईल, असं बाने कबूल केलं होतं. मायने भाऊसाठी नवा सदरा शिवून घेतला होता. पण त्याच आठवड्यात गहू सोंगायला आला आणि मजूर मिळेनात. बा चिडचिड करत होता. मी ते दोन दिवस नुसतं पाहत होतो.

परीक्षेच्या सकाळी मी अंगणात बसलो आणि टाच धरली. काटा मोडलाय, पाय टेकवत नाही, असं सांगितलं. काटा नव्हता.

भाऊ नवा सदरा घालून निघालेला. तो तसाच खाली बसला, माझी टाच मांडीवर घेतली आणि सुईने काटा शोधू लागला. बराच वेळ शोधला. त्याला निघायला उशीर होत होता, तरी शोधला. मग "लय आत गेला दिसते बे," म्हणाला, आणि बिब्बा तापवून टाचेला चटका दिला. काट्यावर आमच्याकडे हाच उपाय. मी ओरडलो तो मात्र खराखुरा ओरडलो.

बा आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. शेवटी त्याने घरचा जुना कायदा बाहेर काढला.

"लंगडं वावरात काय कामाचं? थेच जाईन. किसन, तू इळा घे."

मला वाटलं, भाऊ भांडेल. मनातून कुठेतरी वाटत होतं, की त्याने भांडावं. त्याने सदरा काढून मला घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, त्या दोन घड्या घालून वर केल्या. मग मला पाठीवर घेऊन दमणीत नेऊन बसवलं. लंगडा होतो ना मी! गाडीवानाने बैल हाकायच्या आधी भाऊने एवढंच सांगितलं, की भूगोल आधी लिही, तो तुला येतो.

मेहकरला मी खरोखरच लंगडत परीक्षेला बसलो. बिब्ब्याने टाचेला हा एवढा फोड आला होता. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, हे कबूल केलं पाहिजे. ती वाटायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि आता ती जात नाही.

*

निकाल लागला. किसन पास झाला, अशी गावात बोंब झाली, आणि लोक किसनचं कौतुक करायला थेट वावरात गेले!

भाऊ शेणखत पसरत होता. कुणी त्याची पाठ थोपटली, एका म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला, पाटलाने नारळ दिला. भाऊ प्रत्येकाला "हाव, हाव" म्हणत राहिला. संध्याकाळी त्याने तो नारळ घरी आणला, माझ्या हातात ठेवला आणि हातपाय धुवायला गेला.

मी तो नारळ फोडून खाल्ला.

पुढे जळगाव जामोदच्या बाजूला मला मास्तरकी मिळाली. तिथे मी किसनराव झालो. कागदावर माझं वयही भाऊचंच लागलं, त्यामुळे तीन वर्षं आधी निवृत्त व्हावं लागलं. सरकारने मला केलेली शिक्षा म्हणाल तर तेवढीच.

*

माझी बायको त्याच जळगावची. तिच्या माहेरी मला सगळे किसनराव म्हणूनच ओळखत, आणि तिला वेगळं काही सांगायचं माझ्याने झालं नाही. लग्न लागून वरात गावी आली. उंबरठ्यावर बायकांनी नव्या नवरीला अडवलं आणि नाव घ्यायला लावलं. तिने माहेरून पाठ करून आणलेला उखाणा न अडखळता म्हटला, आणि शेवटी लाजून "किसनराव" असं नाव घेतलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले! आमच्याकडे धाकटी सून जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव तोंडातून काढत नाही. हिने तर पहिलं पाऊल घरात पडायच्या आत, चारचौघांत, जेठाचं नाव नवरा म्हणून घेतलं होतं. समोर औक्षणाचं ताट घेऊन भाऊची बायको उभी होती. लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिने स्वतः ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. ताट तिने तिथेच खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली.

आमच्या हिला काय चुकलं ते कळेना. ती रडवेली होऊन माझ्याकडे पाहू लागली. मी जमिनीकडे पाहत होतो. तेवढ्यात मागून भाऊचा आवाज आला.

"घेऊ द्या वं तिले. नाव तिच्याच नवऱ्याचं हाये."

लोक हसले आणि वरात घरात शिरली. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. तिला समजावायला मी जायला हवं होतं, पण भाऊच गेला.

*

मध्यंतरी आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले आणि सगळ्यांचे जुने दाखले मागवू लागले. माझी झोप उडाली. पोळ्याला गावी गेलो तेव्हा भाऊ बैलांची शिंगं रंगवत होता. मी त्याच्यामागे उभा राहून सांगितलं, की यापुढे सरकारी कागदावर त्याने किसन हे नाव लावू नये. एका बापाचे दोन किसन निघाले तर माझी नोकरी जाईल.

"मंग काय लावू?" त्याने विचारलं.

मी याचा विचारच केला नव्हता. बघू, असं काहीतरी पुटपुटलो. भाऊ "हाव," म्हणाला आणि दुसरं शिंग रंगवायला घेतलं. मी माझ्या मनाशी म्हटलं, चला, मिटलं.

*

त्यानंतर दोनेक वर्षांनी मतदारांच्या याद्या करायचं काम निघालं. पहिल्यांदाच सगळ्यांना मत देता येणार होतं. मास्तर आणि पटवारी यांनी जोडीने घरोघर फिरून नावं लिहायची, असा हुकूम आला. माझी बदली तोवर मेहकर तालुक्यात झाली होती, आणि माझ्या वाट्याला नेमकं आमचंच गाव आलं.

सोबतचा पटवारी देऊळघाटचा, आमच्या भागात नवा. बाया नवऱ्याचं नाव सांगेनात, म्हातारे वय सांगेनात. दुपारपर्यंत आम्ही दोघं हैराण झालो. मी मुद्दाम आमची गल्ली शेवटी ठेवली होती, पण ती आलीच.

भाऊ अंगणात बसून दोर वळत होता. वही पटवाऱ्याच्या हातात होती, हे माझं नशीब. त्याने घराचा नंबर टाकला, बाचं नाव लिहिलं, आणि भाऊला विचारलं, "नाव?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं नाही. दोराचा पीळ सुटू नये म्हणून तो पायाच्या अंगठ्यात दाबून धरला आणि सावकाश म्हणाला, "मास्तरले इचारा. त्याइच्यापाशी जे उरलं असंन, थे लिवा."

पटवाऱ्याला वाटलं, शेतकरी गडी थट्टा करतोय. तो हसला. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्याने वही सरळ केली आणि म्हणाला, "मग काय लिहू, किसनराव?"

आम्ही दोघांनीही मान वर केली.