दीड ग्रॅम रबर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. आर्णीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तेव्हाही होतेच. कापसाची ती वाईट वर्षं. गावाबाहेरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची शेड रिकामी पडली होती, म्हणून मालकांनी आम्हाला तिथे विमान उडवू दिलं. बांबूच्या काड्यांचं आणि पातळ प्लास्टिकचं विमान, फुंकर मारली तरी कोलमडेल असं. त्याचा पंखा फिरायचा तो रबराला दिलेल्या पिळावर. पीळ जितका जास्त, तितका वेळ विमान वर.

नागपूरला बंद हॉलमधली स्पर्धा होती. पहिल्या तिघांत आलात तर विमानांचा वर्ग सुरू करू, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या. त्या वर्गासाठी बारा मुलींनी नावं दिली. रबर मात्र परदेशातल्या मावसभावाने पाठवलेलं, दोन वेढ्यांपुरतंच. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तोलले. दीड-दीड ग्रॅम.

पीळ मोजायला मी मोटर रिवायंडिंगवाल्या चाचांकडे गेले. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी ते नव्याने गुंडाळत. तारेचे फेरे मोजणारं हाताचं यंत्र त्यांच्याकडे होतं.

"किती पीळ सोसंन हे पाहाचं असंन तं एक तोडाच लागते, मॅडम."

मी आठ दिवस टाळलं. शेवटी त्यांनीच एक वेढा यंत्राला अडकवला, दुसरं टोक माझ्या हातात देऊन मला लांब उभं केलं आणि दांडा फिरवायला घेतला. रबरावर गाठी चढल्या, गाठींवर गाठी. मी डोळे घट्ट मिटले. फाटकन आवाज झाला आणि मनगटावर वळ उठला. आकडा होता सोळाशे दहा.

"तुमी चौदाशे पन्नासवर थांबा. काही होत नाही," चाचा म्हणाले.

यंत्र मांडीवर घेऊन आम्ही दोघं एसटीने नागपूरला गेलो. तिथे चाचांनी टोक धरलं, दांडा माझ्याकडे. सातशेपर्यंत ठीक चाललं. मग मी दांडा एकेक फेरा थांबत फिरवायला लागले. हे तुटलं तर दुसरं नाही, एवढंच डोक्यात. अकराशेला रबर कुरकुरलं आणि मी थांबले.

"मॅडम, अजून लय दम हाये त्याच्यात. फिरवा."

"नको चाचा. बास."

विमान उठलं, छताच्या निम्म्यापर्यंत गेलं, संथ घिरट्या घालत खाली आलं. आमचा नंबर पाचवा. परतीच्या गाडीत चाचा यवतमाळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी बाराही जणी वर्गाच्या दारात उभ्या होत्या. रबर माझ्या पर्समध्ये होतं, धडधाकट. त्यांचे चेहरे बघून मी पर्सची चेन ओढून घेतली.

"रबर तुटलं गं," मी म्हणाले.

 मग सगळ्यात पुढची मुलगी म्हणाली, "तुमाले लागलं तं नाही ना, मॅडम?"