एक घास

"मले एक घास दे वं."

मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गात शिरताना बाईंचं हे ठरलेलं वाक्य. मुलांनो, अकोल्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, या बाई मराठी. स्वतःचा डबा त्या आणतच नसत. प्रत्येकीच्या डब्यातला एक घास, वर शेरा, "तुया मायनं आज मीठ दोनदा टाकलं." मुली खिदळत. स्टाफरूममध्ये त्यांना 'फुकट्या बाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

जठारपेठेतल्या भाजीवाल्यांची बडबडी मुलगी अलीकडे शांत झाली म्हणून आम्ही शिक्षक खूश होतो. एके दिवशी तिनं अख्खा डबाच बाईंपुढे केला. "सारा घ्या मॅडम. मले नाई लागत आता." हसून म्हणाली आणि पोटदुखीचं सांगून घरी गेली. तिनं सकाळीच आपली कंपासपेटी आणि रिबिनी वाटून टाकल्याचं मैत्रिणी कौतुकानं सांगत होत्या.

बाई तो डबा हातात धरूनच माझ्याकडे आल्या. चेहरा पांढरा. "पोरगी शांत झाली म्हणता ना तुमी? विझून राहिली ते. चला."

रिक्षानं आम्ही तिचं घर गाठलं. आईवडील बाजारात होते, दाराला आतून कडी. बाईंनी हाका मारल्या. आत काहीच हललं नाही. मी दारावर थापा मारू लागले. बाईंचा आवाज मात्र रोजचाच. "पोरी, भूक लागली मले. एक घास दे वं."

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

बाईंनी तिला जवळ बसवून सरळ विचारलं, "मरून जावं वाटते का तुले?"

मी दचकले. पोरीनं मान डोलावली.

"बरं झालं सांगतलं. आता मी इथून हालत नाई."

निरोप मिळताच आई धावत आली. "अभ्यासाचं टेन्शन असन मॅडम. होईन बरी."

"ताप असता तं अशा थांबल्या असत्या का?" बाई म्हणाल्या. त्याच दुपारी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढे बरेच महिने औषधं, बोलणं, एकटं न सोडणं.

परतताना रिक्षात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आज मी घरून डबा आणला असता तं?" एवढंच म्हणाल्या.

यंदा बाई गेल्या. तेरवीला ती मुलगी आली होती, आता अमरावतीला कॉलेजात शिकते. पंगतीत माझ्या शेजारी बसली. पहिला घास तिनं पानाच्या कडेला काढून ठेवला, मग जेवू लागली.

माझं केव्हाच आटोपलं होतं. तिचं पान रिकामं होईस्तोवर मी उठले नाही.