सरळ मापाचा शर्ट

आमचे भावोजी माणूस भेटला की आधी त्याचे खांदे पाहतात, मग तोंड. ते शिंपी आहेत. रस्त्यात कुणी हात केला तर त्यांना नाव आठवेलच असं नाही, पण "हे उजव्या खांद्यानं उतरलेले, मान पुढे" एवढं मात्र नक्की आठवतं. त्यांचं दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. एक खोली, पुढे रस्त्याकडे उघडणारं दार, खिडकीशी माझ्या ताईचं शिलाई मशीन आणि मध्यभागी कापायचं मोठं टेबल. कात्री त्यांची, टाका तिचा, अशी त्या दोघांची वाटणी पहिल्यापासून ठरलेली.

त्यांच्या कामात एक पद्धत होती. ती त्यांना वडिलांनी शिकवली होती. गिऱ्हाईकाच्या अंगात काही कमीजास्त असेल, तर ते त्याला सांगायचं नाही. खांदा उतरलेला असेल तर त्या बाजूला आतून कापडाची घडी भरायची, पाठीला बाक असेल तर मागचा भाग किंचित लांब घ्यायचा आणि मूग गिळून बसायचं. माणूस आरशासमोर उभा राहतो, स्वतःला सरळ पाहतो आणि खुशीत घरी जातो. शाळेतल्या एका मोठ्या बाईंचे दोन खांदे एकमेकांशी बोलत नव्हते, असं भावोजी म्हणायचे. पण भावोजींच्या हातचा कोट घालून त्या बाई दारातून बाहेर पडल्या की जणू फूटपट्टी चालली आहे असं वाटायचं.

त्यांचं स्वतःचं दुखणं कमरेत सुरू झालं आणि उजव्या पायातून खाली उतरलं. ते त्यांनी कित्येक वर्षं अंगावर काढलं. ताईलासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. कापताना मध्येच टेबलाला टेकायचे, खडू पडल्याचं निमित्त करून गुडघ्यावर बसायचे, एवढंच. मग एका सकाळी कापडावर वाकले ते वर येऊच शकले नाहीत. हातात कात्री तशीच. मी योगायोगानं दुकानात होतो. ताईनं आणि मी त्यांना घडी केलेल्या पोत्यासारखं खुर्चीवर ठेवलं.

डॉक्टरांनी फोटो काढले, पाहिले. मणक्यात झीज होती. ऑपरेशन करण्याजोगं काही नव्हतं. गोळ्या थोड्या दिवसांसाठी आणि व्यायाम कायमचा, असं त्यांनी सांगितलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तोवर परिस्थिती अशी झाली होती की भावोजींना टेबलापाशी चहा संपेपर्यंतही उभं राहवत नव्हतं. शेजारच्या तयार कपड्यांच्या दुकानदाराला जागा वाढवायची होती. तो ताईला दोनदा विचारून गेला होता.

मी या वर्षाअखेर निवृत्त होणार. निरोपाच्या दिवशी घालायला कोट शिवून देईन, असं भावोजींनी मला कधीचं कबूल केलेलं. ताईनं तोच कोट पुढे केला.

"हे बघ," ती मला म्हणाली, आणि ते ऐकतील अशा आवाजात म्हणाली. "तुझा कोट यांच्या हातून कापून झाला तर दुकान राहील. नाही झाला तर मी शेजारी किल्ली देऊन येणार. रोज हे असं वाकून मरताना मला बघायचं नाही."

"कोटाला वेळ आहे अजून," भावोजी म्हणाले.

"तेच म्हणतेय. वेळ आहे तोवर सुधारा."

फिजिओथेरपीला पहिल्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. पहिल्या मजल्यावरची स्वच्छ खोली, एका भिंतीला उंच आरसा, गादी घातलेलं बाक, कोपऱ्यात मोठा रबरी चेंडू. थेरपीच्या मॅडम भावोजींच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी भावोजींना चालायला लावलं, उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, तुम्ही सांगताय तसं दुखत असेल तर तुम्ही इतके सरळ दिसायला नको."

भावोजींनी कॉलर सारखी केली.

"शर्ट काढा बघू."

त्यांनी इतक्या सावकाश बटणं काढली की मला वाटलं, हात दुखतोय. शर्ट उतरला आणि आरशात दुसराच माणूस उभा राहिला. डावा खांदा चांगलाच खाली, सगळं धड डावीकडे झुकलेलं, उजवी कंबर बाहेर आलेली. उजव्या पायावरचा भार चुकवता चुकवता शरीरानं स्वतःची ही सोय करून घेतली होती. मॅडमनी खुंटीवरचा शर्ट हातात घेतला, आतून चाचपला. डाव्या खांद्यात कापडाची घडी शिवलेली होती. खालची कड डावीकडे किंचित आखूड होती. कॉलरसुद्धा दोन बाजूंना सारखी नव्हती. इतकं बेमालूम काम, की बाहेरून कुणालाही कळू नये.

"तरीच," ताई म्हणाली. "तरीच स्वतःचे शर्ट मला शिवू देत नव्हते. म्हणायचे, तुझ्यावर कशाला भार."

"हे कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," भावोजी म्हणाले, आणि ते खरं होतं. "हात आपोआप चालतो. शर्ट अंगावर वाकडा पडला की मी दुरुस्त करतो. पुन्हा वाकडा पडला, पुन्हा दुरुस्त केला." मग ते म्हणाले, "मी स्वतःलाही गिऱ्हाईकच समजलो. सांगितलं नाही."

असं चुकायला शिंपीच हवा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे सगळ्यांनाच लागू आहे. पण आपली पाठ इतरांनाही दिसू नये अशी व्यवस्था करण्याचं कसब फक्त यांच्याकडे होतं.

मॅडमनी व्यायाम दिले. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची. पाठ भिंतीला लावून खुर्चीत बसल्यासारखं खाली सरकायचं आणि वर यायचं. रोज चालायचं. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून ते उंच करायचं. आणि एक नियम: दुखण्यानं थांबवायच्या आधी आपण थांबायचं.

इथे घोडं अडलं.

"काप मध्ये सोडता येत नाही," भावोजी म्हणाले. "मानेपासून खालपर्यंत एका दमात जायचं असतं. मध्ये थांबलं की कापडाला दात पडतात. वडील म्हणायचे, मध्येच कात्री उचलली तो कापणारा नाही, फाडणारा."

"दात न पाडता थांबता येईल का?"

"कधी करून पाहिलं नाही."

"मग ते तुम्ही शोधा," मॅडम म्हणाल्या. "मला कात्रीतलं कळत नाही. मी कंबरेचं बघते. आणि काका, दुखणं पूर्ण जाईल असं मी कबूल करत नाही. त्याच्यासकट काम कसं करायचं, ते शिकवीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुकानात शिरलो तर भावोजींच्या अंगावर एक नवा शर्ट. पण काय तो अवतार. कॉलर एका बाजूला कललेली, खालची कड डावीकडे लोंबणारी, आणि पाठीवर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत एक तिरकी सुरकुती. त्यांनी तो दोन्ही बाजूंना अगदी सारखा कापला होता. घडी नाही, आखूड कड नाही.

"हे घालून दुकानात बसणार?" ताईनं विचारलं. "लोक म्हणतील, शिंप्यालाच कपडे शिवता येत नाहीत."

"म्हणू दे. मला माझी पाठ दिसत नाही, तुला दिसते. ती सुरकुती किती हलली ते तू सांगायचं."

लोक म्हणालेच. एक जुनं गिऱ्हाईक दारातच थबकलं. "मास्टर, शर्ट बाहेरून शिवून घेतला वाटतं?"

"शर्ट सरळ आहे," भावोजी म्हणाले. "आतला माणूस वाकडा आहे. त्याची दुरुस्ती चालू आहे. तुमची पँट परवा मिळेल."

मी खिडकीशी बसून हे पाहत होतो. हिशेबाच्या खात्यात माझा जन्म गेला. तिथे आकडे नीटनेटके दिसण्यासाठी माणसं काय काय करतात, ते मी पाहिलं आहे. पण ज्याचं पोट नीटनेटकं दिसण्यावर चालतं, त्यानं आपलं वाकडेपण भर दुकानात अंगावर मिरवावं, हे मी प्रथमच पाहत होतो. मला त्या शर्टाकडे नजर लावून बघायचं धाडस होईना. देवळात मान खाली जाते तशी माझी खाली गेली.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. सुरुवातीला सुरकुती थोडी आखूड झाली, ताईनं तसं सांगितलं आणि भावोजींना हुरूप आला. हुरूप वाईट. एके दिवशी बरं वाटतंय म्हणून त्यांनी साचलेलं सगळं कापड एका बैठकीत कापून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. ताईनं किल्ली पदराला बांधली. मी मॅडमना फोन लावला.

"झोपून राहू देऊ नका," त्या म्हणाल्या. "व्यायाम निम्मे करा, पण करा. कोपऱ्यापर्यंत चाला. दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाही, एवढं त्यांना सांगा."

मी सांगितलं. भावोजी पडल्यापडल्या छताकडे बघत म्हणाले, "निम्मे म्हणजे निम्मे ना? हिशेब तुमच्याकडे, मेव्हणे." आणि त्यांनी कंबर उचलली. कपाळावर घाम, ओठ दातांत, पण उचलली. संध्याकाळी तोच वाकडा शर्ट घालून ते माझ्याबरोबर रस्त्यावर उतरले. मला वाटलं होतं, कण्हतील, कुरकुरतील. ते तर येणाऱ्याजाणाऱ्याचे खांदे पाहत चालले होते. "हा बघा, पिशवी एकाच हातात. अजून काही वर्षांनी माझ्याकडे येणार." कोपऱ्यावरच्या खांबाला हात लावून आम्ही परत फिरलो. पुढे तो खांब मागे पडला आणि आम्ही बागेपर्यंत जाऊ लागलो.

दुकानात मधल्या वेळेत ते जुन्या वर्तमानपत्रांवर काहीतरी करत बसायचे. कापायचे, थांबायचे, कागद उजेडात धरायचे, फेकायचे. मग चिंध्यांवर. ताई विचारी, "काय चाललंय?" ते म्हणत, "वडिलांशी भांडतोय."

कोटाचा दिवस उजाडला. कापड जाड, गडद राखाडी. त्यांनी ते ठोकळ्यांवरच्या टेबलावर पसरलं, हातानं सारखं केलं, टेप गळ्यात टाकली आणि मला समोर उभं केलं. माप घेताना ते एकदम थांबले.

"मेव्हणे, तुमचा उजवा खांदा उतरलेला आहे. बरीच वर्षं. झाकू की राहू देऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझे किती शर्ट शिवले असतील. आज पहिल्यांदा मला हे कळत होतं. ताई मशीनवरून माझ्याकडे बघत होती. तिच्या मशीनच्या फळीवर दुकानाची किल्ली ठेवलेली होती.

"राहू द्या," मी म्हणालो.

"मग उद्यापासून भिंतीला दोघं," ते म्हणाले आणि खडूनं रेघ ओढली.

पाठीचा भाग आधी. मानेपासून खालच्या कडेपर्यंतचा लांब काप. कात्री कापडात शिरली आणि तो आवाज सुरू झाला, वर्षानुवर्षं इथे ऐकलेला, पण त्या दिवशी मला तो कोरा वाटला. निम्म्यावर आल्यावर त्यांचा चेहरा बदलला नाही, तरीही ते थांबले. कात्रीची पाती पुरती मिटू दिली नाहीत. टोकं पुढे कापडातच, पाती अर्धी उघडी, आणि खाली आधीच ठेवलेल्या चिंध्यांच्या उशीवर त्यांनी कात्रीचा भार अलगद टेकवला. कात्री तिथे झोपलेल्या पाखरासारखी पडून राहिली. ते सरळ झाले, भिंतीपाशी गेले, पाठ टेकून खाली सरकले, वर आले. दारापर्यंत चालत गेले, रस्त्यावर नजर टाकली, परत आले. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्यांनी कात्रीच्या मुठीत बोटं घातली आणि जिथे सोडली होती तिथूनच ती पुढे निघाली.

काप संपला तेव्हा मी ती कड बोटांत धरून वरपासून खालपर्यंत नेली. एकदा, पुन्हा एकदा. कुठे थांबले होते ते मला सापडलं नाही. ताई चष्मा लावून आली. तिनं कड खिडकीकडे धरली, नखानं चाचपली. तिलाही सापडलं नाही. माणसाच्या शरीरात आणि त्याच्या हातात एवढा समेट घडवता येतो, हे डोळ्यांदेखत पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"दुखतंय की," भावोजी म्हणाले. "पण आज त्यानं मला थांबवलं नाही. मीच आधी थांबलो."

ते पुढच्या भागासाठी कापड फिरवायला वळले. त्यांच्या पाठीवर ती सुरकुती अजून होती. पूर्वी खांद्यापासून कमरेपर्यंत जायची, आता पाठीच्या मध्यावर बोटभर उरली होती. ताईनं ती पाहिली. मीही पाहिली. तिनं किल्ली उचलून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवत म्हणाली,

"अहो, अस्तर काळं लावू का राखाडी?"