किल्ली आतच हाय

आमच्याकडे एक लांबलचक स्टेशन वॅगन होती. मागची सीट पाडली की गादी टाकून माणूस पाय पसरून झोपेल एवढी. गाव तिला लांबडी म्हणायचं. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, मी शाळेत असताना ती जुनीच घेतली होती. पुढची पंचवीसेक वर्षं ती आमची कमी आणि गावाचीच जास्त होती.

कारण तिची किल्ली कायम गाडीतच असायची. आण्णांचं आजोळ शनिशिंगणापूर, आमच्या गावाला अगदी लागून. बिनदाराच्या घरात लहानाचे मोठे झालेले. कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं, असं त्यांचं म्हणणं. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी, किल्ली लावलेली, मागे गुंडाळलेली गादी. कुणाला साप चावला, कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की चालवता येणारा जो पहिला हाताशी सापडेल तो गाडी घेऊन निघायचा. विचारायची पद्धतच नव्हती. जाता जाता ओट्याकडे बघून "आण्णा, नेतो बरं का" एवढं ओरडायचं. शेजारच्या तात्यांची थोरली मुलगी तर लांबडीतच जन्मली, घोडेगावच्या अलीकडे. मी मात्र चिडायचो. सकाळी शाळेत शिकवायला निघावं तर गाडी जागेवर नाही, आणि परत आली की डिझेलचा काटा तळाला.

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी जुन्या गाडीचे पार्ट शोधत उन्हातान्हात वणवण केलेली नसते. शेवटच्या वर्षी लांबडी महिन्यातले निम्मे दिवस केडगावला मिस्त्रीकडे पडून असायची. एकदा त्याने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "सर, हिचं सामान आता भंगारातबी मिळत न्हाई. सोडा हिचा नाद." मला तेवढंच ऐकायचं होतं.

नवी गाडी आली. पांढरी, उंच, बटण दाबलं की सुरू होणारी. आण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडून आत वाकून पाहिलं.

"हितं मानूस आडवा हुईल का?"

"पाय दुमडून होईल."

"आन् किल्ली कुठं ठेवायची?"

"खिशात. खिशात असली की गाडी आपोआप उघडते."

"कुनाच्या खिशात?"

मी हसलो. तेही हसले. पण प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात लांबडीचे कागद नव्या मालकाच्या नावावर करायला मी नगरला गेलो. शहरात गाडी लावायचा वैताग, म्हणून मोटरसायकलवर. नवी गाडी अंगणात होती, रस्त्याकडे तोंड करून. आण्णांसाठी एवढं मी केलं होतं. तिची एक किल्ली माझ्या खिशात, दुसरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात. कपाटाची चावीही माझ्याकडेच.

दुपारी जेवून उठताना आण्णांच्या छातीत कळ आली. पुढचं मला आईनं सांगितलं. आईची हाक ऐकून तात्या आणि त्यांचा भाऊ धावत आले. आण्णांना खुर्चीसकट उचललं आणि सवयीनं थेट गाडीपाशी आणलं. किल्ली कुणी मागितलीच नाही. आमच्याकडे ती मागायची वस्तूच नव्हती. तात्यांनी दार ओढलं, उघडेना. दुसरं ओढलं, मग मागचं. काचेवर बुक्की मारली तशी गाडी बोंबलायला लागली. त्या गोंगाटात, घामानं भिजलेले आण्णा तात्यांना म्हणाले, "किल्ली आतच हाय. नीट बघ."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

मला फोन लागत होता, पण मोटरसायकलवर ऐकू आला नाही. रुग्णवाहिका निघाली होती, पण ती लांबून यायची होती. शेवटी चारा आणायला गेलेला टेम्पो शिवारातून बोलावला. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अर्धा तास लवकर आणलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. खोटं का होईना, काहीतरी एक ठाम सांगायला हवं होतं त्यांनी.

मला कुणी बोल लावला नाही. आई म्हणाली, "नव्या गाड्या अशाच असतात, तू तरी काय करणार?" पण चूक माझीच होती. गाडी बदलल्याची नव्हे. ती बदलायलाच हवी होती, हे मी आजही म्हणतो. घराची एक रीत मी खिशात घालून निघून गेलो आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाही. याची मला अजून चीड येते, आणि लाजही वाटते.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी कपाटातली किल्ली काढली आणि गाडीत ठेवली. मागे लांबडी विकताना काढून ठेवलेली तिची गादी टाकली, दुमडून. किल्ली आत ठेवून दार लावलं की ही गाडी चीं चीं करते. करू दे म्हटलं. उद्या सकाळी तात्यांना सांगायचं ठरवलं.

सकाळी तात्याच आले. ओट्यावर टेकले आणि मूठ उघडून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"बाळा, ही आत राहिली व्हती."

"तुम्हाला कशी दिसली?"

ते गाडीकडे बघत म्हणाले, "त्या दिसापासनं येताजाता दार वढून बघतो मी. आज उघडलं."